गोंगाटाचा नमुना

संचालकांनी आम्हा दोघांना एकाच वेळी बोलावलं आणि बसायला सांगितलं नाही, तेव्हाच ओळखायला हवं होतं की खुर्ची एकच उरणार आहे.

दोघे म्हणजे संस्थेत हिशेबशास्त्र शिकवणारे आम्ही दोन शिक्षक, मी आणि टायवाले सर. भर उन्हाळ्यातही टाय लावतात म्हणून मुलांनी त्यांचं हे नाव ठेवलं आणि आम्हीही तेच वापरतो. मुलांनी माझंही काहीतरी नाव ठेवलं असणारच, पण ते माझ्यापर्यंत कधी आलं नाही. यात समाधान मानावं की वाईट वाटून घ्यावं, याचा निर्णय मी अजून केलेला नाही.

"वर्ग बंद," संचालक म्हणाले. "यापुढे धडे चित्रित करायचे. मुलं घरी बसून बघतील. एकदा शिकवलं की दर वर्षी तेच लावायचं."

"मग शिक्षक?" टायवाल्यांनी विचारलं.

"एक पुरेल."

कोण पुरेल ते ठरवण्यासाठी दोघांनी घरी बसून एकेक नमुन्याचा धडा चित्रित करून पाठवायचा होता. फळा दिसला पाहिजे, चेहऱ्यावर दिवसाचा उजेड पाहिजे, आणि मागे कसलाही आवाज नको. या शेवटच्या अटीवर संचालकांचा फार भर होता. मागे इतिहासाच्या सरांनी पाठवलेल्या धड्यात आतल्या खोलीत कुणीतरी गुळण्या करत होतं आणि मुलांनी म्हणे तेवढाच भाग पुन्हा पुन्हा लावला. धड्याचा विषय दोघांना एकच दिला, घसारा.

घसारा म्हणजे वापरात असलेल्या वस्तूची किंमत दर वर्षी थोडी थोडी कमी धरत जाणं. यंत्र आणलं त्या दिवसापासून तो सुरू होतो आणि हे यंत्राला कुणी सांगत नाही. हा विषय मी इतकी वर्षं शिकवतो आहे की त्यात मला वैयक्तिक काही वाटायचं कारण नव्हतं. त्या दिवशी थोडं वाटलं.

पहिला प्रयत्न मी पूर्ण आत्मविश्वासाने केला. खिडकीसमोर टेबल, टेबलावर पुस्तकांची चळत, चळतीला टेकवून फोन, पाठीमागे फळा. धडा संपवून मी तो सगळ्यांना ऐकवायला बसलो आणि आपण राहतो त्या घराची मला प्रथमच ओळख झाली. पंखा प्रत्येक फेरीला कुरकुरत होता. फ्रिज मधूनच दचकल्यासारखा थरथरून गप्प होत होता. खाली पाण्याचा पंप, वर ठोकाठोकी, जिन्यात कुणाची तरी चप्पल. माझे वडील, म्हणजे नाना, दर दोन वाक्यांमागे खाकरत होते, आणि तेही अशा नेमक्या जागी की मी सांगितलेलं त्यांना पटलेलं नाही असं ऐकणाऱ्याला वाटावं. या सगळ्यांच्या पलीकडे, सभागृहाच्या शेवटच्या रांगेतून बोलावं तसा, एक माणूस घसारा समजावून सांगत होता.

"बरं झालंय की," बायको म्हणाली. "पंख्याचा छान आलाय."

कुणी म्हणेल, मग रात्री सगळे झोपल्यावर का नाही केलं. दिवसाच्या उजेडाची अट होती म्हणून. संचालक अटी घालताना सगळ्या वाटांचा विचार करतात. पगारवाढ सोडून इतर सर्व बाबतींत ते अत्यंत दूरदृष्टीचे आहेत.

मी घरापासून सुरुवात केली. पंखा बंद केला. मग फ्रिज बंद केला. फ्रिजमध्ये नानांच्या डोळ्यांत घालायचे थेंब असतात, ते बायकोने ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवले आणि नानांनी त्यावर पाळत ठेवली. मग मी नानांकडे वळलो.

"नाना, धडा होईपर्यंत खाकरू नका."

"मी खाकरतो?"

"हो."

"केव्हापासून?"

मी फळा पुसायला घेतला. "तुझी आई होती तोवर कुणी काही बोललं नाही," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मात्र शब्द त्यांनी पाळला. इतका पाळला की धड्याच्या मध्यावर त्यांचा चेहरा लालबुंद झाला. पहिल्या वर्षाचा घसारा काढून मी दुसऱ्या वर्षाकडे वळतो आहे तेवढ्यात मागून बायकोचा आवाज येतो, "नाना, श्वास घ्या." त्यानंतर जे खाकरणं झालं ते आधीच्या सगळ्या थकबाकीसकट होतं. मी घामाने इतका भिजलो होतो की चित्रात मी शिकवण्यापेक्षा कबुलीजबाब देत असल्यासारखा दिसत होतो.

बातमी बाहेर कशी गेली मला ठाऊक नाही, पण संध्याकाळी समोरच्या वहिनी दारात उभ्या होत्या.

"भिंतींना गाद्या लावा," त्या म्हणाल्या. "माझ्या भाच्याने गाण्यासाठी केलं होतं. आवाज पिऊन टाकतात गाद्या."

"भाचा गातो का आता?"

"नाही, तो आता गाड्या विकतो. पण गाद्यांचा दोष नव्हता."

आमच्या घरात गाद्या तीन आणि भिंती चार. वहिनींनी त्यांची एक दिली. ती पाहून तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंनी दोन रजया पाठवल्या आणि दुसऱ्या मजल्यावरच्या एका निवृत्त गृहस्थांनी प्रवासाची गुंडाळायची गादी. खोली खरोखर शांत झाली. टाळी वाजवली तर ती हातातच मरायची. अडचण एवढीच झाली की गाद्यांबरोबर मालकही आले. ज्याने गादी दिली त्याला तिचा काय उपयोग झाला ते बघायचा हक्क वाटतो, आणि गाद्या भिंतीला असल्यामुळे बसायला फरशीशिवाय काही उरलं नव्हतं. ते सगळे फरशीवर बसले. निवृत्त गृहस्थांनी धडा चालू असताना हात वर करून विचारलं की घसारा माणसाच्या पेन्शनलाही लागतो का. मी त्यांना खुणेने थांबवलं, तर बाकीच्यांनी त्यांना थांबवलं म्हणून मला दोष दिला. "चांगला प्रश्न होता," शिंपीणबाई म्हणाल्या. "शिक्षकाने असं करू नये."

त्यातही वरची ठोकाठोकी गाद्यांना जुमानत नव्हती. ती छतातून येत होती आणि छताला गादी लावण्याचा विचार मी बायकोच्या चेहऱ्याकडे बघून सोडून दिला. वरचे काका नोकरीतून निवृत्त झाल्यापासून स्टुलं बनवतात. कुणासाठी ते त्यांनाही माहीत नाही. मी इमारतीच्या समितीच्या सचिवांकडे गेलो.

"मला थोडा वेळ शांतता हवी आहे," मी सांगितलं.

"कुणाच्या विरोधात?"

"कुणाच्याच नाही."

"विरोध नसेल तर अर्ज कसा घेऊ? विरोध असेल तर समोरच्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागेल." त्यांनी चष्मा पुसला. "आणि 'शांतता' लिहू नका. शांतता पुरवणं समितीच्या कामात बसत नाही. आवाज तात्पुरता स्थगित करावा, असं लिहा."

मी तसं लिहून नेलं. त्यांनी 'विनंती' हा शब्द काढायला लावला, कारण एकाची विनंती मान्य केली की उद्या सगळेच विनंती करतील. मी 'सूचना' लिहिलं. सूचना समितीला फक्त नोंदवून घेता येते, म्हणून ती नोंदवून घेतली आणि मला परत पाठवलं. शेवटी असं ठरलं की ज्यांचे ज्यांचे आवाज होतात त्यांच्या सह्या मीच आणायच्या. म्हणजे मी दारोदार जाऊन लोकांना सांगायचं की तुमचा आवाज होतो, आणि त्यांनी ते कबूल करून सही करायची. असा प्रकार कायद्याच्या राज्यात सहसा पोलिसांकडे सोपवतात.

"मी दिवसभर ठोकत नाही," वरचे काका म्हणाले. "मधे घासतोही."

"तेवढा एक वेळ थांबलात तर बरं होईल. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

हे वाक्य मी तोवर कुणाशीच इतकं सरळ बोललो नव्हतो. काकांनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं. मग आत जाऊन एक स्टूल आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं. "यावर बसून शिकवा. पाठीला बरं. सही करतो." स्टूल नाकारणं शक्य नव्हतं. ते चारपैकी तीनच पायांवर उभं राहत होतं आणि कोणत्या तीन ते दर वेळी नव्याने ठरवत होतं.

शांततेची वेळ ठरली. मी स्टुलावर बसलो. स्टूल कण्हलं, मी श्वास रोखून स्थिर झालो, ते थांबलं. पंप बंद, काका बंद, नाना वहिनींच्या घरी. मी सुरुवात केली आणि पहिलंच वाक्य असं स्वच्छ आलं की मला स्वतःचा हेवा वाटला. तेवढ्यात खालच्या मजल्यावर घंटी वाजली. मग शेजारची. मग त्याच्या शेजारची. शांतता सुरू झाली आहे हे प्रत्येकाला कळावं म्हणून समितीने रखवालदाराला घरोघर सांगायला पाठवलं होतं. तो अत्यंत निष्ठेने घंटी वाजवत मजला मजला वर येत होता. तो येऊन गेल्यावर मी पुन्हा सुरुवात केली, आणि यंत्राचं आयुष्य म्हणजे काय ते सांगत असताना माझंच दार वाजलं. सचिव आणि समितीचे दोन सभासद उभे होते.

"शांतता समाधानकारक आहे ना?" सचिवांनी विचारलं.

"होती."

"मग इथे सही करा."

सही केल्यावर परवानगी संपली. वापरलेली परवानगी पुन्हा वापरता येत नाही. नवी हवी असेल तर पुढच्या बैठकीत बघू, म्हणाले. सभासदांपैकी एकाने भिंतीवरच्या गाद्यांकडे बघून घरात कुणाची तब्येत बरी नाही का असं हळूच विचारलं.

धडा पाठवायची मुदत संपत आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कंटाळून सगळं सोडून दिलं. पंखा लावला. फ्रिज लावला. नानांना सांगितलं, हवं तेवढं खाकरा. वर काका नव्या जोमाने ठोकत होते. वहिनी गादी परत न्यायला आल्या होत्या आणि स्वयंपाकघरात बायकोशी बोलत बसल्या होत्या. त्या सगळ्या कोलाहलात मी फळ्यासमोर उभा राहिलो आणि शिकवलं. मला माझी स्तुती करायची सवय नाही, करायला कुणी संधी दिलेली नाही, पण त्या दिवशी घसारा मी जसा शिकवला तसा आधी कधी शिकवला नव्हता. उदाहरणाला एक शिलाई मशीन घेतली आणि ती घरात येते तिथपासून भंगारात जाते तिथपर्यंत तिची गोष्ट सांगितली. आकडे फळ्यावर आपोआप एकाखाली एक उतरत गेले. शेवटी मशीनची किंमत शून्य होते आणि तरीही ती चालत असते, हे सांगताना माझा आवाज जरा भरून आला. तोही मी तसाच राहू दिला.

हे सगळं आवाजाखाली गाडलेलं होतं. पण त्याची काळजी करू नका, असं माझा मेहुणा म्हणाला. तो छपाईची यंत्रं विकतो आणि त्यामुळे सर्व यंत्रांबद्दल त्याला माहिती असते.

"भाऊजी, आवाज बंद करायचे दिवस गेले. आता आवाज काढून टाकतात. सॉफ्टवेअर आहे. त्याला धड्यातला एक तुकडा दाखवायचा, की बाबा रे, हा गोंगाट. तो बरोबर ओळखतो आणि जिथे जिथे असेल तिथून उचलून फेकतो. बाकी सगळं ठेवतो, उलट आणखी स्वच्छ करतो."

मला संस्थेत जायचं होतं. मी फोन त्याच्या हवाली केला. संध्याकाळी परत आलो तर तो आणि बायको चहा पीत होते.

"झालं," मेहुणा म्हणाला. "पाठवूनही दिलं. शेवटचा दिवस होता ना."

"तू बघितलंस?"

"सुरुवात बघितली. पंप गेला होता, आणखी काय पाहिजे?"

पंप गेला नव्हता. त्या वेळी खाली पाणीच नव्हतं, म्हणून तो मुळात चालूच नव्हता. आम्ही सगळे टेबलाभोवती बसून धडा बघू लागलो. पडद्यावर मी उभा होतो. मी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. मी हात उंच करून फळ्याकडे बोट दाखवलं आणि शेजारच्या खोलीतून नाना खाकरले. इतकं सुस्पष्ट खाकरणं मी प्रत्यक्षातही ऐकलेलं नाही. पंख्याची कुरकुर आता एकेक सुटी मोजता येत होती. काकांची हातोडी कानाशेजारी पडत होती. मी मात्र पाण्याखालच्या माशासारखा मनापासून शिकवत होतो. मग स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, जणू त्या आमच्यातच बसल्या आहेत.

"राहील का हो नोकरी त्यांची?"

"कुठली राहते," बायकोचा आवाज. "ते टायवाले आहेत ना, त्यांनाच घेणार. ह्यांनाही माहीत आहे."

"मग एवढं कशाला करतायत?"

"करू देत. तेवढाच वेळ बरा जातो."

पडद्यावर मी शिलाई मशीनचं चित्र काढत होतो.

"आवाज अगदी स्वच्छ आलाय," नाना म्हणाले. "मला कानातल्या यंत्राशिवाय ऐकू आलं."

मी मेहुण्याकडे बघितलं. "तू सॉफ्टवेअरला गोंगाट म्हणून काय दाखवलंस?"

"मी नाही. मी ताईला विचारलं, गोंगाट कुठला. घर तिचं आहे, मला काय कळणार. तिने दाखवला." त्याने हात झटकले. "सॉफ्टवेअरने त्याचं काम चोख केलंय, भाऊजी. ते मान्य करायला पाहिजे."

बायको कप गोळा करत होती. "तुम्ही रोज संध्याकाळी आतल्या खोलीत दुसऱ्या दिवशीचा धडा म्हणता," ती म्हणाली. "तो आवाज घरात असतोच. कुणी ऐकत नाही, पण असतो. हे ऐकलं तर मागे तोच चालू होता. ओळखीचा वाटला. म्हटलं, हाच असणार."

"आणि माझा आवाज कुठे आहे असं वाटलं तुला?"

तिने खरंच विचार केला. "म्हटलं, पुढे कुठेतरी येईल."

"आणि वहिनींना जे बोललीस ते?"

"ते खोटं आहे का?" तिने विचारलं आणि कप घेऊन आत गेली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

मी संस्थेतल्या कारकुनाला फोन केला. एकदा आलेला धडा बदलता येत नाही, तो म्हणाला. बदलायचा तर संचालकांची परवानगी लागेल, आणि संचालकांनी तो आत्ताच बघायला घेतला आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे पुन्हा त्याच खोलीत उभे होतो. संचालकांनी आधी टायवाल्यांचा धडा लावला. त्यांनी तो बंद गाडीत बसून केला होता. काचा वर केलेल्या. आवाज खर्जातला, भरदार, आणि मागे पानसुद्धा हललेलं नाही. फळ्याऐवजी त्यांनी स्टिअरिंगला कागद चिकटवला होता आणि त्यावर जे लिहिलं होतं ते घसारा आहे की धोब्याची खूण, हे कुणालाच सांगता आलं नसतं. टायवरून घाम ठिबकत होता. मग माझा लावला. संचालक पूर्ण धडा गंभीरपणे ऐकत राहिले. टायवाले स्वतःच्या टायकडे बघत राहिले. स्वयंपाकघरातलं संभाषण आलं तेव्हा संचालकांनी तो भाग थांबवला.

"या कोण?"

"पत्नी."

"उच्चार चांगले आहेत," ते म्हणाले आणि पुढे चालू केलं.

धडा संपला. त्यांनी थोडा विचार केला. निदान विचार करताना माणूस जसा दिसतो तसे ते दिसले.

"तुमचं अक्षर चांगलं आहे," ते मला म्हणाले. "आकडे सरळ येतात. मशीनही छान काढलीय. आणि यांचा आवाज चांगला आहे. मग असं करू. चित्र तुमचं ठेवू, त्यावर आवाज यांचा चढवू. दोघे अर्ध्या अर्ध्या नेमणुकीवर. एक पुरेल म्हटलं होतं, एकच होतं."

टायवाल्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मग माझ्याकडे वळून अदबीने म्हणाले, "सर, तुम्ही मशीनबद्दल काय बोलला होतात ते लिहून द्याल का? ओठांवरून कळत नाही."

"आणि पुढच्या धड्यांच्या वेळी तोंड हलवू नका," संचालकांनी मला सांगितलं. "यांच्या शब्दांशी जुळणार नाही. नुसतं लिहायचं आणि समोर बघायचं. चालेल ना?"

मला पुष्कळ बोलायचं होतं. किंमत शून्य झाली तरी मशीन चालते, हे शेवटचं वाक्य आवाज भरून आल्याशिवाय म्हणता येत नाही, असं टायवाल्यांना सांगायचं होतं. अर्धा माणूस ही नोंद कोणत्या खात्यात करतात, हे संचालकांना विचारायचं होतं. मी घसा साफ केला आणि तोंड उघडलं.

"मान हलवलीत तरी पुरे," संचालक पुढचा कागद उचलत म्हणाले.

मी हलवली.